आधी पाजणं, मग लाडू

बाळंतिणीला दूध कमी आहे असं घरात कुणी म्हणालं, की लगेच स्वयंपाकघरात अळीव भिजत पडतात. माझ्याही बाबतीत तेच झालं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खसखशीची खीर, सासूबाईंनी पाठवलेला शतावरी कल्प, जेवणानंतर बाळंतशेपा. घरातल्या सगळ्या बायका माझ्यासाठी राबत होत्या आणि त्यातलं प्रेम मला आजही कळतं. पण दूध वाढलं ते लाडवांनी नाही. ते कशाने वाढलं आणि पुढे मुलगी तीन वर्षांची होऊन गेली तरी कसं टिकलं, ते सविस्तर लिहावंसं वाटतं. कारण ‘मला दूधच आलं नाही’ असं हळहळून सांगणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींना दूध येऊ शकलं असतं.

माहेर वाईचं, सासर साताऱ्यात, नोकरी कराडला एका बँकेत. सिझर झालं. मुलगी जन्मली तेव्हा २.७ किलोची होती. पहिल्या रात्री मी गुंगीत होते म्हणून दवाखान्यातच तिला पावडरचं दूध सुरू झालं आणि मग ते चालूच राहिलं. दवाखान्यातून निघताना वजन २.४५ किलो भरलं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत, कधी दहा टक्क्यांपर्यंतही उतरतं, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून निघतं. आमचं या मर्यादेच्या काठावर होतं, म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध चालू ठेवून वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं. आम्ही वाईला आलो ते पावडरचा डबा आणि बाटली घेऊनच.

वाईत आईच्या ओळखीच्या एक सिस्टर होत्या, ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. आईने त्यांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी काय खातेस ते विचारलंच नाही.

“ताई, दूध कमी येतंय की आलेलं बाळाला मिळत नाही, ते आधी बघू. तू पाज, मी नुसती बसते.”

त्या खरोखरच अर्धा तास नुसत्या बसल्या. बाळ कसं ओढतं, कधी गिळतं, कधी थांबतं, सगळं निरखत होत्या. मग म्हणाल्या, की ही पोर फक्त टोक धरून चोखते आहे, म्हणून तुला भेगा पडल्या आहेत आणि तिच्या तोंडात थेंबथेंबच जातं आहे. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडायला हवं, टोकाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर उलटलेला हवा आणि हनुवटी छातीला टेकलेली हवी. सिझरच्या टाक्यांवर भार येतो म्हणून मी बाळाला अवघडून धरत होते. त्यांनी बाळाला माझ्या काखेखालून आडवं घ्यायला लावलं, पाय पाठीकडे, डोकं माझ्या तळहातात. खाली दोन उशा. पहिल्यांदाच मला तिचं गिळणं ऐकू आलं.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या सगळ्या प्रवासाला पुरलं. छातीत दूध साठून राहिलं की शरीर समजतं, हिला एवढं नको आहे, आणि दूध बनण्याचा वेग उतरतो. छाती रिकामी होत राहिली की वेग चढतो. बाळ ओढतं तेव्हा दोन संप्रेरकं काम करतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीच्या महिन्यांत सोडायचं नाही. आमच्या घरात नेमकं उलट चाललं होतं. बाळाला बाटलीभर पावडरचं दूध मिळालं की ती चार तास झोपायची, तेवढा वेळ माझी छाती भरलेली, आणि दूध आणखी कमी व्हायचं. मग परत पावडर.

सिस्टरांनी जो क्रम घालून दिला तो साधा होता पण दमवणारा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रडण्याची वाट न बघता. बाळ मूठ तोंडात घालू लागलं, मान वळवून शोधू लागलं, की घ्यायचं. ओढणं मंद झालं की छाती हाताने हलकी दाबायची, म्हणजे ती पुन्हा गिळू लागते. मग दुसरी बाजू. पाजून झालं की हाताने किंवा पंपाने उरलेलं काढायचं आणि ते बोंडल्याने पाजायचं. पावडरचं दूध सगळ्यात शेवटी, मोजून, आणि बाटलीने नाही. ते कमी करायचं ते मनाने नाही, वजन बघून आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून. दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होतात का, हे रोज बघायचं. ही शेवटची खूण मला फार धीर देणारी होती. छाती भरल्यासारखी वाटते की नाही, पंपात किती मिलिलिटर येतं, यावरून दूध कमी-जास्त ठरत नाही. पंपापेक्षा बाळ जास्त काढतं. आणि काही आठवड्यांनी छाती मऊ लागते, ते दूध आटल्याचं लक्षण नसतं.

आता खरी अडचण आली ती वेळेची. आठ ते बारा वेळा पाजायचं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, त्यावर दूध काढणं. बाळंतिणीचा दिवस आपल्याकडे आधीच भरलेला असतो. सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या, आधी बाळाची मालिश, मग माझी, गरम पाण्याची अंघोळ, शेक, बाळाला धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवणं. त्या सगळ्यात सकाळचे चार तास पाजण्याशिवाय जायचे. संध्याकाळी बाळ बघायला माणसं. संध्याकाळीच बाळ सारखं अंगावर मागतं, तासन् तास सोडत नाही, आणि आलेल्या मावश्या म्हणणार, “पोट भरत नाही गं तिचं.” संध्याकाळचं हे वरचेवर मागणं लहान बाळांत नेहमीचं असतं आणि त्यानेच दूध वाढतं. पण चार बायकांसमोर हे म्हणायचं बळ बाळंतिणीत नसतं.

ते काम आईने केलं. मावशींना तिने सांगितलं की बाळाला आधी पाजू, मग मालिश, आणि अंघोळ झाली की झोपवण्याआधी पुन्हा माझ्याकडे द्यायचं. धुरी बंद केली, धूर बाळाच्या छातीला बरा नव्हेच. बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत चहा दिला आणि बाळ मात्र माझ्याजवळ ठेवलं. मला म्हणाली, “तू पाज गं, बाकीचं मी बघते. तुझ्या हातात दुसरं काही नको.” नवरा सुट्टीच्या दिवशी यायचा तेव्हा बोंडलं, पंपाचे भाग, वाटी, सगळं धुऊन उकळणं त्याच्याकडे. रात्री लंगोट बदलून बाळ माझ्याकडे आणून देणं त्याच्याकडे. दूध वाढवणं म्हणजे आईला खाऊ घालणं, एवढंच आपल्याकडे समजलं जातं. माझ्या अनुभवात दूध वाढवणं म्हणजे आईचे हात मोकळे करणं. बाळाला उघड्या छातीवर घेऊन तासभर पडून राहायला मिळालं, त्या दिवशी दूध सुरळीत यायचं. नुसत्या शतावरीवर ते साधलं नाही.

अर्थात खाण्याला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पाजणाऱ्या बाईला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्तीच्या लागतात. अळिवात लोह भरपूर असतं आणि सिझरनंतर माझं हिमोग्लोबिन उतरलं होतं, तेव्हा तो लाडू मला हवाच होता. पण अळीव, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं का, यावरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. भूक भागेल एवढं जेवावं, तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. तांब्यावर तांबे पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. आणि पान्हा वाढवण्याच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. त्यासाठी वापरतात त्या डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. सगळं नीट करूनही काही बायकांना दूध खरंच कमी येतं. थायरॉइड कमी असणं, बाळंतपणात खूप रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, छातीची आधी झालेली शस्त्रक्रिया, दुधाच्या ग्रंथींची वाढच कमी असणं, अशी कारणं असतात. बाळाची जीभ खालून आखडलेली असेल तर त्याला पकड घेता येत नाही. सिस्टरांनी म्हणूनच माझी थायरॉइडची तपासणी करायला लावली, ती नीट निघाली. अशा आईने पावडरचं दूध द्यावं, त्यात कमीपणा कसला? जेवढं अंगावरचं मिळेल तेवढं बाळाच्या उपयोगाचंच असतं.

वजन तिसऱ्या आठवड्यात जन्मवजनाला पोचलं आणि मग रोज साधारण तीस ग्रॅमने वाढू लागलं. पावडर एकेका वेळेची कमी होत दुसरा महिना संपता संपता पूर्ण बंद झाली. त्या दिवशी आईने डबा फळीवरून काढला आणि त्यात मोहरी भरली.

नोकरीवर परतायची वेळ आली तेव्हा दुसरी लढाई. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची आहे, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. आमच्या शाखेत तेवढी माणसं नाहीत. पण त्याच कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी द्यायची तरतूद आहे, ही गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. मी ते कलम छापून व्यवस्थापकांकडे नेलं. त्यांनी रेकॉर्ड रूमची किल्ली दिली. दिवसातून दोनदा तिथे बसून दूध काढायचं, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीसह.

सासूबाईंना काढून ठेवलेलं दूध पटत नव्हतं. “शिळं दूध लेकराला कसं द्यायचं गं?” मी त्यांना मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाबद्दल सांगितलं. तिथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या बायांनी दिलेलं दूध तिथे तपासून, प्रक्रिया करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात आणि ती बाळं जगतात. मग सख्ख्या आईचं सकाळी काढलेलं दूध संध्याकाळी का चालू नये? हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग फ्रिजमधला एक अख्खा कप्पा त्यांनी स्वतः रिकामा करून दिला. बाहेर चार तास, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी, फ्रिजमध्ये चार दिवस, हा हिशेब त्यांनी पाठ केला. दूध गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, हेही त्यांनी शेजारणींना शिकवलं.

सातारा-कराड एसटीने रोज जाताना मला हिरकणीची गोष्ट वेगळ्याच अंगाने आठवायची. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्रीची कडा उतरून गेलेली गवळण. लहानपणी आपण तिचं धाडस ऐकतो. पाजणाऱ्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, भरलेल्या छातीची कळ. गाडी उशिरा सुटली की ती मला रोज कळायची. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत, नाव फार योग्य दिलं आहे. काही ठिकाणी ते स्वच्छ आणि उघडे असतात, काही ठिकाणी कुलूप. कुलूप असेल तर स्थानकप्रमुखांकडे जाऊन किल्ली मागावी, लाजू नये. मी मागायचे.

सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, अंडं सुरू झालं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, त्यामुळे या वयात नुसत्या अंगावर ठेवून चालत नाही. पण जेवण सुरू झालं म्हणून दूध संपवायचंही नसतं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. बारा ते चोवीस महिन्यांत बाळाच्या उष्मांकाच्या गरजेतला साधारण एक तृतीयांश वाटा आईचं दूध देऊ शकतं.

हे मला माहीत होतं, लोकांना नव्हतं. पहिला वाढदिवस झाला आणि प्रश्न बदलले. दूध येतं का हो, असं विचारणारीच माणसं आता म्हणू लागली, एवढी मोठी झाली, अजून अंगावर? आता त्या दुधात काय असतं, नुसतं पाणी. खरं तर वर्षानंतरच्या दुधातला स्निग्धांश कमी होत नाही, उलट वाढलेला आढळला आहे, आणि रोगप्रतिकारक घटकही त्यात राहतात. दीड वर्षाची असताना तिला जुलाब लागले. पेज नाही, डाळिंब नाही, ओआरएसचा चमचा थुंकून टाकायची. अंगावर मात्र पीत राहिली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, “पाजताय ना? मग सलाईन टळेल बहुतेक. ओआरएसही थोडं थोडं देत राहा.” आणि टळलं. त्यानंतर सासूबाई कुणालाच काही बोलू देईनात.

चालत्याबोलत्या पोरीला पाजणं हे तान्ह्याला पाजण्यापेक्षा वेगळं असतं. ती पिता पिता उभी राहते, उलटी होते, पाय माझ्या खांद्यावर टाकते, दुसऱ्या बाजूला चिमटे काढते. दात आल्यावर चावली तेव्हा मी ओरडले नाही, बोटाने तोंड सोडवलं आणि “चावलं की बंद” एवढंच म्हटलं. दर वेळी तेच. काही दिवसांत थांबलं. आम्ही नियम केले. आधी विचारायचं. पदर, ओढणी ओढायची नाही. एसटीत नाही, घरी गेल्यावर. जेवणाच्या आधी नाही. दोन वर्षांच्या मुलीला हे समजतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत मला पाजणं अगदी नकोसं व्हायचं, अंगावर काटा यायचा. तसं अनेकींना होतं, त्यात आईपणाला काही उणेपण येत नाही. त्या दिवसांत मी दहापर्यंत मोजायचे आणि तिला सांगायचे, दहा झाले की पुरे. तिला आकडे तिथेच आले. रात्री पिऊन झोपली तरी दात सकाळ-संध्याकाळ घासायचे, हाही नियम.

(पाजताय म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज फार पसरलेला आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण अंगावर, दिवसारात्री पाजणं, आणि पाळी न आलेली, हे सगळं असेल तरच तो आधार. एक अट सुटली की दुसरं साधन हवं.)

दूध तोडायच्या आपल्याकडच्या रीती सगळ्यांना ठाऊक आहेत. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, कोरफडीचा कडू गर लावायचा, नाहीतर लेकराला आठवडाभर मामाकडे पाठवायचं. माझ्या आत्याने तर मिरचीही सुचवली. मला त्यातलं काहीच करायचं नव्हतं. तीन वर्षं जी जागा तिच्या भरवशाची होती ती एका सकाळी कडू का करायची? शिवाय अचानक तोडलं की छातीत गाठी होतात, कधी जंतुसंसर्ग होऊन ताप भरतो. मागणी वाढली की दूध वाढतं, तर मागणी हळूहळू उतरली की ते आपसूक उतरेल, या हिशेबाने आम्ही गेलो. मी स्वतःहून द्यायचं थांबवलं, मागितलं तर नाही म्हटलं नाही. दुपारचं आधी सुटलं, कारण दुपारी ती शेजारच्या मुलांत असायची. मग पहाटेचं. रात्री झोपतानाचं सगळ्यात चिवट. तिथे नवऱ्याने झोपवायची जबाबदारी घेतली, बाबांच्या कुशीत वाघाची गोष्ट, रोज तीच. काही रात्री रडली, तेव्हा मी घेतली. मध्ये एकदा तापात पुन्हा चार दिवस भरपूर प्यायली. आणि मग एक आठवडा असा गेला की तिने मागितलंच नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

त्यानंतर कित्येक महिने दाबलं की थेंब यायचा. मी घाबरून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं होतं, दाबून बघायचंच थांबवा. रक्त किंवा गाठ दिसली तर या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाखेतली एक मुलगी बाळंत झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, “ताई, दूधच नाही हो मला, सगळे लाडू खाऊन झाले.” मी रविवारी सिस्टरांना घेऊन तिच्या घरी गेले. सिस्टर आता थकल्या आहेत, जिने चढताना थांबतात, पण वर गेल्यावर तशाच अर्धा तास नुसत्या बसल्या. मी तोवर तिच्या सासूबाईंशी सकाळच्या मालिशीची वेळ बदलण्याबद्दल बोलले आणि नवऱ्याला बोंडलं कसं उकळायचं ते दाखवलं. ती शाखेत परतेपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये एक नीट खुर्ची आणि हात धुवायला बेसिन हवं, तसा अर्ज आम्ही दोघींच्या सहीने दिला. खुर्ची आली. बेसिनसाठी प्लंबरने माप नेलं आहे.